मांजर घराचं, घर चाकांवरचं

कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली आहेत. एखाद्या कुटुंबानं गाव सोडलं, सामानाची गाडी भरली, की कुत्रं गाडीमागं धावत नव्या गावाला जातं. मांजर मात्र जुन्या घराच्या वळचणीलाच बसून राहतं. घरात नवं बिऱ्हाड आलं की ते त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसतं, जणू बदललं कोण, तर माणसं! मांजराच्या या स्वभावाला कुणी कृतघ्नपणा म्हणतं, कुणी स्वाभिमान म्हणतं. मी कवी असल्यामुळे माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, हे सांगून टाकतो.

आज मला ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, ती या समजुतीच्या अगदी उलट वाटेल. युरोपात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात अशी पुष्कळ कुटुंबं आहेत, जी आपली पाळीव मांजरं बरोबर घेऊन महिनोन्‌महिने भटकत असतात. त्यांच्याकडे मोटरहोम असतं. म्हणजे पुढं चालकाची जागा आणि मागं सगळा संसार : झोपायचा पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, न्हाणीघर आणि संडास. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, यांचं चाकांवर असतं एवढाच फरक. आणि खिडकीच्या फळीवर, बाहेरच्या ऊन-पावसाकडे बघत, मांजर बसलेलं असतं. घर न सोडणाऱ्या प्राण्याला ही माणसं प्रवासाला कशी काय नेतात? हे आजचंच खूळ आहे, की याला काही इतिहास आहे? या प्रश्नांचा माग काढताना मी जिथं जिथं जाऊन पोचलो, तिथं तुम्हालाही घेऊन जातो.

सुरुवात करू भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटापासून. २००४ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी या बेटावरच्या शिलोरोकांबोस या ठिकाणी सापडलेल्या एका दफनाची माहिती प्रसिद्ध केली. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एका माणसाची कबर, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, स्वतंत्र खड्ड्यात नीट ठेवलेलं, आठेक महिन्यांचं एक मांजर. आता गंमत अशी, की सायप्रस हे समुद्रानं वेढलेलं बेट आणि मांजर हा काही तिथला मूळचा प्राणी नाही. म्हणजे कुणी तरी ते, किंवा त्याचे पूर्वज, होडीत घालून आणले असले पाहिजेत. मांजर आणि माणूस यांच्या मैत्रीचा हा अतिशय जुना पुरावा आणि त्यातच प्रवास दडलेला आहे! पुढे २००७ साली ९७९ मांजरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातल्या सगळ्या पाळीव मांजरांचं मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या एकाच उपजातीत आहे, असं त्यातून दिसलं. युरोपात पाळीव मांजर उत्तर आफ्रिकेतून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पोचलं, असा निष्कर्ष २०२५ सालच्या एका अभ्यासानं काढला. म्हणजे लंडनच्या किंवा लातूरच्या गल्लीतलं मांजर, दोघंही बाहेरगावचेच. आपल्याला जे घर सोडत नाही असं वाटतं, त्याचे वाडवडील अर्धं जग फिरून आलेले.

त्याच दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. रोमन साम्राज्याचा हिंदुस्थानशी व्यापार इथून चालायचा. आपल्या कल्याण, सोपारा, भडोच या बंदरांची नावं त्या काळच्या ग्रीक भाषेतल्या एका दर्यावर्दी पोथीत आहेत, हे तुम्ही ऐकलं असेल. या बेरेनिकेत पोलंडच्या संशोधकांना पाळीव प्राण्यांची एक दफनभूमी सापडली. २०२१ साली त्यांनी ५८५ प्राण्यांचा अभ्यास मांडला. त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त मांजरं होती. काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे, काहींच्या गळ्यात काचेच्या आणि शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांपुढचा प्रश्न फार जुना. पण माळ बांधणारी माणसं तेव्हाही होती. याच ठिकाणी हिंदुस्थानातून नेलेल्या माकडांचीही दफनं मिळाली. वाळवंटाच्या कडेला, पिण्याचं पाणीसुद्धा दुरून आणावं लागणाऱ्या बंदरात, कामाधंद्यानिमित्त येऊन पडलेली ती माणसं. त्यांना मांजर हवं होतं. धान्यातले उंदीर मारायला हवं होतं, हे खरंच. पण नुसत्या उंदरांसाठी कुणी गळ्यात माळ घालत नाही.

आता शब्दाबद्दल थोडं बोलतो. फारसीतला 'कारवान' म्हणजे काफिला, तांडा. आपण उर्दूच्या अंगानं 'कारवाँ' म्हणतो. हाच शब्द इंग्रजीत जाऊन 'कॅरव्हॅन' झाला आणि त्याचीच शेपटी तोडून 'व्हॅन' झाली. तेव्हा तुमच्या दारासमोरून शाळेच्या मुलांना घेऊन जी व्हॅन जाते, तिच्या नावात उंटांच्या तांड्याचा शेवटचा तुकडा शिल्लक आहे. आणि या खऱ्याखुऱ्या, उंटांच्या कारवाँमध्येही मांजरं होती!

एडवर्ड लेन नावाच्या इंग्रज विद्वानानं १८३६ साली इजिप्तच्या रीतिरिवाजांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कैरोहून दरवर्षी मक्केला हजचा काफिला निघत असे. त्याच्या अग्रभागी 'महमिल' म्हणजे उंटावरची शृंगारलेली पालखी असे. लेन लिहितो, की काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या महमिलच्या मागोमाग उंटावर बसून एक म्हातारी जात असे. डोक्यावर काही नाही, अंगात नुसता सदरा. आणि तिच्या आजूबाजूला, त्याच उंटावर, पाच-सहा मांजरं बसलेली. लोक तिला 'उम्म-अल-कुतात' म्हणत. म्हणजे मांजरांची आई. 'सौ चूहे खाके बिल्ली चली हज को' ही म्हण आपण ढोंगी माणसासाठी वापरतो. पण इथं तर मांजरं खरोखरच, कुणाचा उपहास न होता, हजच्या वाटेला लागलेली होती. इस्लामी जगात मांजराचं कौतुक मोठं. पैगंबरांच्या एका सहकाऱ्याचं नावच मुळी अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. तेव्हा वाळवंटातल्या त्या म्हातारीला कुणी वेडी म्हटलं असेल, पण उंटावरून खाली उतरवलं नाही. मला त्या चित्रातल्या महमिलचं फार नवल वाटत नाही. ती पालखी मानाची होती, पण आतून रिकामी असे. मला आठवत राहतो तो तिच्या मागचा उंट, ज्यावर पाच-सहा जीव दाटीवाटीनं बसले होते.

जमिनीपेक्षा समुद्रावर मांजरांनी जास्त प्रवास केला. जहाजावर दोर, शिडं, धान्य, सगळं उंदरांच्या तोंडी लागणारं. म्हणून शतकानुशतकं जहाजावर मांजर असायचंच. त्यांत सर्वांत प्रसिद्ध झालेलं मांजर म्हणजे ट्रिम. दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या एका ब्रिटिश जहाजावर, भर समुद्रात, १७९९ मध्ये त्याचा जन्म झाला, असं त्याच्या धन्यानं लिहून ठेवलं आहे. रंग काळा, पंजे पांढरे, छातीवर पांढरा ठिपका. लहानपणी ते समुद्रात पडलं, तर पोहत जहाजापाशी आलं आणि सोडलेल्या दोरावरून वर चढलं. त्याचा धनी मॅथ्यू फ्लिंडर्स यानं १८०२-०३ मध्ये ऑस्ट्रेलिया खंडाला जहाजानं प्रदक्षिणा घातली, तेव्हा ट्रिम बरोबर होता. १८०३ मध्ये जहाज फुटलं, त्यातूनही दोघं वाचले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लिंडर्स मॉरिशस बेटावर फ्रेंचांच्या कैदेत पडला, आणि तिथं ट्रिम नाहीसा झाला. कैदेतच फ्लिंडर्सनं त्याचं चरित्र लिहिलं. एका खंडाचा नकाशा काढणारा माणूस, बंदिवासात बसून मांजराचं चरित्र लिहितो! सिडनीच्या मिचेल ग्रंथालयाबाहेर फ्लिंडर्सचा पुतळा आहे, आणि त्याच्या पाठीमागच्या खिडकीच्या कठड्यावर १९९६ पासून ट्रिमचाही आहे.

प्रत्येक गोष्ट मात्र अशी गोड नाही. १९१४ साली शॅकल्टनची तुकडी दक्षिण ध्रुवाकडे निघाली. तिच्या 'एंड्युरन्स' जहाजावरच्या सुताराचं एक मांजर होतं. नाव मिसेस चिपी, पण होता तो बोका. जहाज बर्फात अडकून चिरडलं गेलं. १९१५ च्या ऑक्टोबरात, पुढच्या वाटचालीत याला पोसता येणार नाही म्हणून, शॅकल्टनच्या हुकमानं त्या बोक्याला गोळी घालण्यात आली. सुतारानं ही गोष्ट कधी माफ केली नाही. तो न्यूझीलंडमध्ये वारला. २००४ साली त्याच्या कबरीवर कांस्याचं एक मांजर बसवण्यात आलं. प्रवास माणूस ठरवतो. तो फसला, की हिशेब आधी मुक्या जनावराकडून वसूल होतो. हौसेनं मांजर बरोबर नेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट सायमनची. हाँगकाँगच्या गोदीतून ब्रिटिश युद्धनौका 'ॲमेथिस्ट'वर आलेलं हे मांजर. एप्रिल १९४९ मध्ये चीनच्या यांगत्से नदीत या नौकेवर तोफांचा मारा झाला. सायमन जबर जखमी झाला. नौका नदीत तीन महिन्यांहून अधिक काळ अडकून पडली. धान्य मोजकं, आणि त्यावर उंदरांचा सुळसुळाट. बरा होताच सायमन कामाला लागला. त्याला प्राण्यांसाठीचं शौर्यपदक, डिकिन मेडल, जाहीर झालं. मांजराला मिळालेलं ते एकमेव. नौका इंग्लंडात पोचली. पण परदेशातून येणाऱ्या जनावराला रेबीजच्या भीतीनं सहा महिने विलगीकरणात ठेवण्याचा तिथला कायदा होता. शूरवीर असला म्हणून काय झालं? सायमनची रवानगी तिकडं झाली, आणि २८ नोव्हेंबर १९४९ रोजी तो तिथंच मेला. पदक त्याच्या हयातीत त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. पुढे १९७५ मध्ये ब्रिटिश नौदलानं नौकांवर मांजर ठेवायलाच बंदी केली.

कोकणातल्या आमच्या खाडीकाठच्या गावातले पुष्कळ पुरुष बोटीवर खलाशी असत. माझे एक चाचा मालवाहू बोटीवर होते. सुट्टीवर आले की ओटीवर बसून ते बंदरांच्या गोष्टी सांगत, आणि त्यांत मांजर असायचंच. ते म्हणत, "बंदरात उतरलेलं मांजर बोट सुटायच्या आत परत आलं नाही, तर जुने खलाशी नाराज व्हायचे. एक माणूस कमी घेऊन निघालो असं वाटायचं." माझी दादी त्यावर विचारी, "मग घरच्यांची आठवण यायची की नाही?" चाचा हसून म्हणत, "तिच्यासाठीच तर मांजर." तेव्हा मला या उत्तराचा अर्थ कळला नव्हता. वर्षातले दहा महिने ज्यांचं घर लोखंडाचं आणि हलतं असे, त्यांना घरपणाची एखादी खूण लागत असे, एवढं आता कळतं.

आता येतो मोटरहोमकडे, आणि एका विलक्षण माणसाकडे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे स्कॉटलंडचे डॉक्टर. ब्रिटिश नौदलात शल्यवैद्य होते. प्रकृतीमुळे नोकरी सोडली आणि लेखक झाले. त्यांनी मुलांसाठी ढिगानं साहसकथा लिहिल्या, आणि मांजरांवर पुस्तकं लिहिली. मांजराची निगा, जाती, स्वभाव यांवर १८७० च्या दशकात लिहिणारा हा त्या काळातला एक जाणता माणूस. पुढे त्यांनी एका इराणी मांजरीची कथाही लिहिली. तिचं नाव ठेवलं शिरीन. शिरीन म्हणजे गोड. खुसरो-शिरीनची कथा ठाऊक असलेल्या माझ्यासारख्याला हे नाव वाचून साहजिकच आनंद झाला.

याच स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टॉलच्या कारखान्यातून एक गाडी बनवून घेतली. महोगनी आणि मेपलचं लाकूड, वजन जवळजवळ दोन टन, ओढायला दोन घोडे. आत बसायची खोली, पुस्तकांचं कपाट, स्वयंपाकाची जागा. नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. ही गाडी घेऊन ते इंग्लंडच्या दक्षिणेतून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत, सुमारे तेराशे मैल, गेले आणि दुसऱ्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. पोटासाठी नव्हे, तर निव्वळ हौसेसाठी चाकांवरच्या घरात राहण्याची सुरुवात इंग्लंडात इथून झाली, असं मानतात. १९०७ मध्ये तिथं कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला, त्याचे स्टेबल्स उपाध्यक्ष होते. त्याच संस्थेनं २०१७ मध्ये आपल्या नावात 'मोटरहोम' हा शब्द जोडला.

आता मौज पाहा. त्या पहिल्या सफरीतले स्टेबल्स यांचे प्रसिद्ध सोबती कोण? एक गडी, एक गाडीवान, हरिकेन बॉब नावाचा दांडगा न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. मांजरांचा एवढा जाणकार, पण त्या सोबत्यांच्या नामावळीत मांजराला मानाची जागा नाही. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, हे त्यांनाही उमगलेलं असावं, असा माझा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. स्टेबल्स स्वतःला कौतुकानं 'सभ्य जिप्सी' म्हणवून घेत. पण खरे जिप्सी, म्हणजे रोमा लोक, तशाच गाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि त्यांना मात्र गावोगावचे शिपाई हुसकून लावत. गाडी तीच, रस्ता तोच. एकाला लोक चहाला बोलावत, दुसऱ्याच्या तोंडावर दार लावत. आपल्याकडेही ऊसतोड कामगार दर हंगामात बैलगाडीवर संसार चढवतात, कोंबड्या-शेळ्या, कुत्री बरोबर घेतात आणि सहा-सहा महिने पालात काढतात. त्यांना कुणी पर्यटक म्हणत नाही. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच आहे. पण चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही, त्याची हौस नवी आहे.

पुढे इंजिन आलं. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये पियर्स-ॲरो कंपनीनं मुक्कामाची सोय असलेली मोटार प्रदर्शनात मांडली. १९५१ पासून जर्मनीत फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवायचं वेस्टफालिया कंपनीचं सामान मिळू लागलं आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात ही गोष्ट आली. १९६० साली प्रसिद्ध लेखक जॉन स्टाइनबेक आपल्या गाडीला डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव देऊन अमेरिका पाहायला निघाला. बरोबर होता चार्ली, म्हणजे पुन्हा कुत्राच! मांजराला या चाकांवरच्या घरात सुखानं राहता येण्यासाठी अजून एका साध्या वस्तूची गरज होती, आणि ती होती माती.

१९४७ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कडाक्याची थंडी पडली होती. एका बाईची मांजरासाठीची वाळू गोठली. ती एडवर्ड लो नावाच्या शेजारच्या तरुणाकडे वाळू मागायला आली. त्याचा घरचा धंदा कारखान्यातलं सांडलेलं तेल टिपणारी माती विकण्याचा. त्यानं वाळूऐवजी त्या मातीचे खडे दिले. मांजराला ती आवडली, घरातला वासही गेला. लोनं ती पिशव्यांत भरून, पाच पौंडांना पासष्ट सेंट अशा किमतीला दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना हिला पैसे कोण देणार? लो म्हणाला, मग फुकट वाटा. लोक परत आले ते पैसे घेऊनच. ती माती कसली, तर आपण जिला मुलतानी माती म्हणतो, त्याच जातकुळीची! आपल्या बायका जी चेहऱ्याला लावतात, तिनं तिकडं मांजराला घरात आणि पुढे गाडीत कायमची जागा मिळवून दिली.

आणि सरकारी कागदांचं काय? सायमनचा जीव ज्या विलगीकरणात गेला, तो नियम ब्रिटननं २८ फेब्रुवारी २००० पासून सैल केला. युरोपातल्या ठरावीक देशांतून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना कातडीखाली मायक्रोचिप, रेबीजची लस आणि रक्ततपासणी असेल तर सहा महिने कोंडून पडायची गरज उरली नाही. २००४ मध्ये युरोपीय संघानं प्राण्यांचा पासपोर्ट सुरू केला. मांजराला पासपोर्ट! निळ्या रंगाची, मुखपृष्ठावर ताऱ्यांचं वर्तुळ असलेली पुस्तिका. मोटरहोमवाल्यांची चंगळ झाली. मग ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये काढलेला तो पासपोर्ट युरोपात चालेनासा झाला. दर खेपेला पशुवैद्याचा नवा दाखला घ्यावा लागू लागला. मांजराला सरहद्दीतलं काही कळत नाही, पण सरहद्दीला मांजर बरोबर कळतं.

आता मूळ प्रश्न. घराला चिकटलेला हा प्राणी गाडीत राहतो कसा? याचं उत्तर त्याच्या नाकात आहे. मांजर तुमच्या पायाला, दाराच्या चौकटीला, पलंगाच्या कडेला गाल घासतं. आपल्याला ते लाड वाटतात. काही अंशी असतीलही. पण त्याच्या गालांवर, हनुवटीवर गंधाच्या ग्रंथी असतात. घासून घासून ते त्या वस्तूवर आपली खूण ठेवत असतं. या खुणांचं मिळून जे बनतं, ते मांजराचं घर. त्याला मालकी हक्काचा सातबारा लागत नाही. त्या गंधाच्या कुंपणाबाहेर उचलून नेलं की ते बावरतं, लपतं, अन्न सोडतं. मोटरहोममध्ये होतं काय, की खिडकीबाहेरचं जग रोज बदलतं, पण आतला पलंग तोच, गोधडी तीच, मातीची पेटी तिथंच, माणसं तीच. गंध बदलत नाही. म्हणजे जुनी माणसं चुकली नव्हती. कुत्र्याला नुसतं 'चल' म्हटलं की पुरतं. मांजराला न्यायचं, तर माणसाला सबंध घरच उचलून न्यावं लागलं.

म्हणूनच जाणती मंडळी गाडी आणली की लगेच निघत नाहीत. आधी कित्येक दिवस ती दारातच उभी ठेवून मांजराला तिच्यात राहू देतात. मग गल्लीपर्यंत, मग पलीकडच्या गावापर्यंत. गाडी चालू असताना मांजर घट्ट बांधलेल्या पिंजऱ्यात. निघण्यापूर्वी मांजरांची मोजणी, कारण हा प्राणी ओट्याखालच्या फटीतही मावतो. आणि उन्हात बंद गाडीत त्याला कधीच सोडायचं नाही. मांजराला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. बंद गाडी बघता बघता भट्टी होते.

एवढं करूनही मांजर मांजरच राहतं. नोव्हेंबर २०१२ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या फ्लोरिडात, डेटोना बीच इथं मोटरहोमवाल्यांचा मेळावा भरला होता. एक जोडपं आपली चार वर्षांची मांजरी, हॉली, घेऊन तिथं गेलं. ती गाडीतून निसटली; बहुधा आतषबाजीच्या आवाजानं बिथरली असावी. पुष्कळ शोधलं, सापडली नाही. जोडपं रिकाम्या हातांनी परतलं. दोन महिन्यांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्या वेस्ट पाम बीच गावात, घरापासून मैलभर अंतरावर, एक हाडकुळी मांजरी लटपटत एका परसात आली. पंजे झिजलेले, वजन जवळपास निम्मं. पशुवैद्यानं मायक्रोचिप तपासली, तर ती हॉली. सुमारे दोनशे मैलांचं अंतर! ती कशी आली, याचं समाधानकारक उत्तर शास्त्रज्ञांना देता आलं नाही. १९५४ साली जर्मनीत मांजरांना गोल चक्रव्यूहात सोडून प्रयोग केला होता. बरीच मांजरं घराच्या दिशेचं दार निवडत, पण घर पाच किलोमीटरच्या आत असेल तरच भरवसा जास्त. दोनशे मैलांचं कोडं तिथं सुटत नाही.

आपल्या खेड्यापाड्यांत नको असलेलं मांजर पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येण्याची रीत होती. वाट कळू नये म्हणून पोतं. आमच्या शेजारच्यांनी एक बोका असा तीनदा सोडला. तिन्ही वेळा तो परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा घरच्या म्हातारीनं त्याच्यापुढं दुधाची वाटी ठेवली आणि मुलांना बजावलं, "आता हा याच घरचा. पुन्हा कुणी पोतं काढलं तर माझ्याशी गाठ आहे." मांजरीण आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते, असं म्हणतात. ती फिरवते ती धोका ओळखून, निवारा शोधत. तिचं तोंड पिल्लाच्या मानेवर असतं, आणि पिल्लू निर्धास्त लोंबकळत असतं. त्या पिल्लाला पोत्याची गरज नसते.

माणूस मांजराला दोन तऱ्हांनी नेतो. एक पोत्यात घालून, वाट कळू नये म्हणून. दुसरी त्याचं घर सोबत घेऊन. पहिल्यात सुटका हवी असते, दुसऱ्यात सोबत. सायप्रसच्या कबरीपासून उंटावरच्या म्हातारीपर्यंत आणि मोटरहोमच्या खिडकीपर्यंत ही दुसरी तऱ्हा माणसानं टिकवून धरली आहे, याचं मला बरं वाटतं. तेव्हा उद्या तुमच्यापैकी कुणी बदली होऊन दुसऱ्या गावी निघालात, आणि सामान बांधताना मांजर खोक्यांमधून हिंडत असेल, तर त्याला कृतघ्न म्हणू नका. त्याची अंथरायची जुनी गोणपाट न धुता तशीच बरोबर घ्या. नव्या घरात आधी एका खोलीत ती पसरा, दार लावून घ्या आणि चार दिवस थांबा. बाकीचं ते आपलं आपण बघेल.